व्हीलचेअर घेऊन समुद्रकिनारी जाण्याची तयारी

माझी थोरली बहीण गेली चौदा वर्षे व्हीलचेअर वापरते आणि तिला समुद्राची ओढ आहे. आमच्या पहिल्या सहलीआधी मी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारला होता, "व्हीलचेअर पाण्यापर्यंत जाते ना?" उत्तर आले, "हो, थेट जाते." प्रत्यक्षात फळ्यांची वाट किनाऱ्यावर उतरत होती खरी, पण तिच्या टोकापासून ओल्या वाळूपर्यंतचा वीस-पंचवीस पावलांचा पट्टा कोरडा आणि भुसभुशीत होता, आणि पाणी त्याहूनही कितीतरी मागे गेलेले होते. पुढची छोटी चाके हातभर अंतरातच रुतली, फूटरेस्ट वाळूला टेकले आणि ताई पुढे झुकली. मी वेळेवर खांदे धरले म्हणून ती पडली नाही. नंतर कळले की फोनवरच्या माणसाने खोटे सांगितले नव्हते. पौर्णिमेच्या भरतीला पाणी त्या वाटेच्या टोकाला लागते. आम्ही पोहोचलो होतो अष्टमीच्या सुमारास, तेही ओहोटीला.

शहरातला रॅम्प सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी असतो. किनाऱ्यावरची सुगम्यता मात्र तासातासाला बदलते, आणि म्हणून "सोय आहे का" या प्रश्नाला "कोणत्या वेळी, किती अंतरापर्यंत आणि किती रुंदीची" ही जोड दिल्याशिवाय मिळालेल्या उत्तराचा उपयोग होत नाही. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक या प्रश्नांच्या भोवतीच फिरते.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी, तिकिटे नंतर

जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आज सकाळी दहाला असलेली ओहोटी उद्या दहा वाजून पन्नास मिनिटांच्या आसपास येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती-ओहोटी असते, म्हणजे पाणी जास्त वर चढते आणि जास्त मागेही जाते. दोन्ही अष्टमींच्या सुमारास भांगाची, म्हणजे दोन्ही बाजूंनी कमी. सहलीच्या तारखा ठरवताना त्या ठिकाणचे भरतीचे वेळापत्रक पाहून, ओहोटी दिवसाउजेडी आणि उन्हाच्या कडाक्याबाहेर येईल असे दिवस निवडावेत. मी आता हे काम प्रवासाची तिकिटे काढण्याआधी करते, कारण तारीख चुकली तर सगळा मुक्काम भर दुपारच्या ओहोटीत जातो.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाणी चढण्याच्या सहा तासांचे ठोकळमानाने बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. पायी चालणारा माणूस दोन मिनिटांत मागे सरकतो. रुतलेली खुर्ची बाहेर काढायला दहा मिनिटे लागू शकतात. म्हणून आमचा नियम असा आहे की पाणी उतरत असताना खाली जायचे आणि पाणी फिरल्यावर दुसरा तास संपायच्या आत वर यायचे.

भरती आणि ओहोटीच्या पाण्याच्या पातळीतला फरक सर्वत्र सारखा नसतो. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो 16 मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो फारच थोडा असतो. फरक थोडा असला की पाण्याची कड दिवसभर जवळपास एकाच जागी राहते आणि कायमची उपकरणे बसवणे सोपे जाते. ग्रीसमध्ये तयार झालेले सीट्रॅक हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्यात सौरऊर्जेवर चालणारी खुर्ची रुळांवरून पाण्यात उतरते आणि बसलेली व्यक्ती रिमोटने ती स्वतः चालवते. कोणाच्या हाताशिवाय समुद्रात जाता येणे ही माझ्या मते सर्वांत मोठी सोय आहे, आणि ठिकाण निवडण्याची मोकळीक असेल तर अशा सोयीला मी खोलीतून दिसणाऱ्या समुद्रापेक्षा जास्त महत्त्व देईन.

वाळू ओळखायला शिकणे

नेहमीच्या खुर्चीची पुढची चाके अरुंद आणि छोटी असतात. सगळा भार त्या बोटभर रुंदीच्या पट्टीवर आला की कोरडी वाळू बाजूला सरते आणि चाक खाली जाते. ओल्या वाळूत कणांमधले पाणी कणांना धरून ठेवते, त्यामुळे ती भार पेलते. म्हणजे अडथळा खरा असतो तो कोरड्या पट्ट्याचा. किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची एक रेघ दिसते, ती शेवटच्या भरतीची खूण. तिच्या पलीकडची वाळू बहुधा टणक असते, तिच्या अलीकडची भुसभुशीत. त्यामुळे वाटेबद्दल विचारायचा नेमका प्रश्न असा आहे : फळ्यांची किंवा गुंडाळीच्या चटईची वाट भरतीच्या रेघेपर्यंत पोहोचते का, की त्याआधीच संपते?

छायाचित्रांवरूनही थोडा अंदाज येतो. बारीक वाळूचे किनारे सपाट आणि पसरट असतात आणि त्यांची ओली वाळू घट्ट बसते. जाड वाळूचे आणि गोट्यांचे किनारे तीव्र उताराचे असतात. तिथे खुर्ची खाली जाईल, पण वर आणताना दमछाक होईल. अगदी पाण्याच्या कडेची, आरशासारखी चकाकणारी वाळूही फसवी असते, कारण तिच्यात गरजेपेक्षा जास्त पाणी असते. मी चप्पल काढून टाचेवर सगळा भार देऊन पाहते. नुसता ठसा उमटला तर खुर्ची पुढे नेते. टाच आत जाऊन खड्ड्यात पाणी साचले तर दुसरी जागा शोधते.

थोडे अंतर कोरड्या वाळूतून जावेच लागले तर खुर्ची उलटी फिरवून, पाठीमागच्या बाजूने ओढत न्यावी. मोठी चाके आधी गेली की ती वाट दाबतात आणि छोटी चाके मागून हलकी येतात. ढकलताना जे बळ चाक खाली रुतवण्यात जाते ते ओढताना खुर्ची पुढे नेण्यात लागते. बसलेल्या व्यक्तीने पाठ टेकवून भार मागे ठेवावा आणि सोबत्याने आधी सांगावे की आता मी ओढणार आहे. फूटरेस्टला अडकवायचे आणि छोटी चाके जमिनीवरून उचलणारे जे मोठे जादा चाक मिळते ते मातीच्या वाटेवर आणि घट्ट वाळूवर उत्तम चालते, खोल कोरड्या वाळूत मात्र तेही हार मानते.

गुंडाळीच्या चटया आणि फळ्यांच्या वाटा यांच्याबाबत रुंदी विचारावी, कारण एका खुर्चीला 90 सेंटीमीटर पुरतात, पण समोरून दुसरी खुर्ची आली तर 180 सेंटीमीटर लागतात. टोकाला खुर्ची वळवण्यापुरती चौकोनी जागा आहे का, हेही विचारावे. नाहीतर आलेल्या वाटेने सगळे अंतर उलटे जावे लागते. शिवाय ती वाट आज जागेवर आहे का, हा प्रश्न निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावा. वादळी हंगामात चटया काढून ठेवतात, वारा त्यांच्यावर वाळू चढवतो, आणि पक्की वाटही समुद्राच्या तडाख्यात सापडते. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर अपंग व्यक्तींसाठीची लाकडी वाट नोव्हेंबर 2022 मध्ये खुली झाली आणि डिसेंबरमध्ये मंदौस चक्रीवादळाने तिचे नुकसान केले. महिनाभर जुनी माहिती किनाऱ्यावर जुनीच धरावी.

स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन पाहून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक सूचना. या मानांकनाच्या निकषांत अपंग व्यक्तींसाठी प्रवेश आणि सोयी आहेत. पण अट अशी आहे की एका नगरपालिकेच्या हद्दीतील ब्लू फ्लॅग किनाऱ्यांपैकी किमान एकावर त्या असाव्यात. म्हणजे निळा झेंडा दिसला तरी सोय त्याच किनाऱ्यावर आहे की शेजारच्या, हे विचारावेच लागते.

किनाऱ्यावरची खुर्ची

फुग्यासारखी जाड, कमी हवेची चाके असलेल्या खुर्च्या अनेक किनाऱ्यांवर वापरायला मिळतात. त्या वाळूवर तरंगल्यासारख्या चालतात, कारण तोच भार कितीतरी पट मोठ्या जागेवर पसरतो. फ्रान्समधली तिरालो पाण्यातही तरंगते. यातल्या बहुतेक खुर्च्या बसलेल्या व्यक्तीला स्वतः चालवता येत नाहीत, ही गोष्ट आधीच समजून घ्यावी. ताईला पहिल्यांदा हे कळले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. रोज स्वतःच्या हातांनी फिरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हाती जाणे सोपे नसते, आणि सोबत्याने हे ओळखून कुठे थांबायचे, कोणीकडे तोंड करायचे, किती पुढे जायचे हे प्रत्येक वेळी विचारून करावे.

या खुर्च्यांची बैठक खोल, मागे कललेली आणि बहुधा नेहमीच्या खुर्चीपेक्षा खाली असते. तिच्यात बसताना उतार असतो, त्यामुळे एका माणसाच्या मदतीने जमते. परत येताना मात्र चढ असतो, अंग ओले असते आणि हात दमलेले असतात. परतीसाठी दोन माणसे लागतील असेच धरावे आणि ती त्या वेळी तिथे असतील याची खात्री करावी. आरक्षण करताना हातटेकू बाजूला होतो का, वजनाची मर्यादा किती, खुर्ची किती वेळ मिळते, एका खुर्चीसाठी किती जण रांगेत असतात आणि एका खुर्चीतून दुसरीत बसण्यासाठी सावलीची सपाट जागा आहे का, एवढे विचारले की पुरे.

मुक्कामाची जागा : मापे मागावीत

"व्हीलचेअरसाठी योग्य" या शब्दांवर खोली घेऊ नये. मोजपट्टी लावलेली छायाचित्रे मागवावीत. दाराची मोकळी रुंदी किमान 80 सेंटीमीटर हवी, आणि ती दार उघडल्यावर चौकटीपासून दाराच्या कडेपर्यंत मोजलेली हवी. खोलीत आणि स्नानगृहात दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असली की खुर्ची पूर्ण वळते. पलंगाची उंची गादीसकट खुर्चीच्या बैठकीच्या जवळपास, म्हणजे 45 ते 50 सेंटीमीटर असावी. उचलण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी पलंगाखाली किती मोकळी जागा आहे हेही विचारावे, कारण खालून बंद पलंग असला तर यंत्राचे पाय आत जात नाहीत.

किनाऱ्यालगतच्या इमारती पाण्याच्या भीतीने उंच जोत्यावर बांधलेल्या असतात, त्यामुळे "दोनच पायऱ्या आहेत" हे वाक्य हमखास ऐकू येते. रॅम्पचे सर्वमान्य प्रमाण 1:12 आहे. 15 सेंटीमीटरच्या एका पायरीला 1.8 मीटर लांबीचा रॅम्प लागतो आणि दोन पायऱ्यांना 3.6 मीटर. एवढी लांबी दारासमोर आहे का, हे विचारले की सोय खरी आहे की ऐन वेळी टाकलेली फळी, ते लगेच समजते. स्वतः खुर्ची चालवणाऱ्याला 1:20 चा उतार कितीतरी सुखाचा जातो.

स्नानगृहाबाबत मी सर्वांत जास्त चौकशी करते, कारण समुद्रावरून आल्यावर वाळू आणि मीठ धुतल्याशिवाय गत्यंतर नसते. शॉवरखाली उंबरठा नसावा, भिंतीला घट्ट बसवलेला कठडा असावा आणि न घसरणारी शॉवरखुर्ची असावी. कमोडच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे हेही महत्त्वाचे आहे. ज्याला फक्त डाव्या बाजूने सरकता येते त्याला उजवीकडची जागा उपयोगाची नसते. किनाऱ्यावरच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाबाबत एकच गोष्ट वेगळी विचारावी लागते : ते कुलूपबंद असते का, आणि किल्ली कोणाकडे असते?

गावात आणि बोटीवर

जुन्या बंदरगावांत रस्ते समुद्राकडे उतरतात आणि बहुतेक ठिकाणी ते दगडी असतात. नकाशावर पाचशे मीटर दिसणारे अंतर चढ-उताराचे असले तर परतीचा विचार करूनच निघावे. खाली जाताना हँडरिमवर, म्हणजे मोठ्या चाकाला लागून असलेल्या हाताने धरायच्या कड्यावर, हात घासून तळवे भाजतात, म्हणून हातमोजे घ्यावेत, आणि तीव्र उतारावर सोबत्याने खुर्ची उलटी, पाठीमागच्या बाजूने उतरवावी.

बोटीचे गणित वाळूच्या नेमके उलट आहे. जिथे तरंगता धक्का असतो तिथे किनाऱ्यापासून त्याच्यापर्यंत जाणारा जोडपूल पाण्याबरोबर वर-खाली होतो. भरतीला तो जवळपास सपाट असतो, आणि पूर्ण ओहोटीला त्याचा तीव्र उतार होतो. एकदा आम्ही सकाळी सहज बोटीवर गेलो आणि संध्याकाळी परतलो तेव्हा तोच पूल समोर चढासारखा उभा होता. दोन खलाशांनी मागून रेटले आणि मी पुढून ओढले तेव्हा ताई वर आली. तेव्हापासून वाळूवर जायचे ते ओहोटीला आणि बोटीची वेळ धरायची ती भरतीच्या जवळपासची, असे आम्ही ठरवून टाकले आहे. मोठी जहाजे काही ठिकाणी धक्क्याला न लागता बाहेर नांगरतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. अशा थांब्यावर व्हीलचेअरसह उतरू देतील का, हे जहाजाच्या कंपनीला आरक्षणाआधी विचारावे.

विमानाबद्दल थोडक्यात. मदतीची मागणी किमान 48 तास आधी नोंदवावी. विजेच्या खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी केबिनमध्ये न्यावी लागते आणि ती एक असल्यास 300 वॅट-तासांपर्यंत, दोन असल्यास प्रत्येकी 160 वॅट-तासांपर्यंत चालते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. 24 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तासांची बॅटरी 240 वॅट-तासांची होते. बॅटरीचे छायाचित्र आणि हा आकडा विमान कंपनीला लेखी कळवून परवानगी लेखीच घ्यावी.

शरीराची काळजी

ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांना तापलेली वाळू, तापलेला फूटरेस्ट किंवा शिंपल्याने कापलेली टाच कळत नाही. वाळूवर उतरताना पाय पूर्ण झाकणारे पाण्यातले बूट घालावेत, धातूच्या भागांवर ओला टॉवेल टाकावा आणि परत आल्यावर तळवे, टाचा आणि बोटांमधली जागा उजेडात तपासावी. ओल्या कपड्यांत आणि वाळूच्या कणांवर बसून राहिल्याने त्वचा फार लवकर सोलवटते, आणि तिथूनच बेडसोअरची सुरुवात होते. किनाऱ्यावरच्या खुर्चीत नुसती जाळीची बैठक असेल तर पाण्याने खराब न होणारी आपली जादा गादी तिच्यावर टाकावी, आणि बसल्या जागी शरीराच्या एकाच भागावरचा भार हलका करण्याचे रोजचे वेळापत्रक सहलीतही पाळावे.

पाठीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तींच्या शरीराला तापमान नीट सांभाळता येत नाही, कारण इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही. त्यांना ऊन लवकर बाधते आणि थंड पाण्यात गारठाही लवकर भरतो. पाण्याची फवारणीची बाटली, ओला रुमाल आणि सावली या गोष्टी त्यांच्यासाठी औषधाइतक्याच आवश्यक आहेत. अचानक जोरात डोके दुखू लागले आणि चेहरा लाल झाला तर व्यक्तीला सरळ बसवावे, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करावेत, लघवीची पिशवी भरली आहे किंवा नळी मुडपली आहे का ते पाहावे आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. ही स्थिती जिवावर बेतू शकते.

पाण्यात उतरताना

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या देखरेखीखाली असतो. पाण्यात जायचे ते तिथेच, आणि जीवरक्षकाला आधी सांगून. लाल झेंडा असेल तर त्या दिवशी पाणी लांबूनच पाहावे. तरंगणारी खुर्ची म्हणजे होडी नव्हे. लाट बाजूने आली की मोठी चाकेच तिला उलटवतात, म्हणून खुर्चीचे तोंड लाटेच्या दिशेने ठेवावे, दोन्ही बाजूंना कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहू शकणारी माणसे असावीत आणि बसलेल्या व्यक्तीने अंगाला बसणारे लाइफ जॅकेट घालावे. तिला पट्ट्याने खुर्चीला कधीही बांधू नये. उलटली तर माणूस खुर्चीसकट पाण्याखाली राहतो. मागे येण्यासाठी एक ठरलेला शब्द असावा, कारण लाटांच्या आवाजात लांब वाक्य ऐकू येत नाही. आमचा शब्द "फिरव" हा आहे.

विजेची खुर्ची वाळूत किंवा खाऱ्या पाण्याजवळ नेऊच नये. मोटरवर ताण येऊन ती तापते आणि खारे पाणी विजेच्या जोडांमध्ये शिरले की दुरुस्ती परगावी होत नाही.

परत आल्यावर खुर्चीचे काम

हे काम रात्रीवर ढकलू नये. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने गंजते, आणि खुर्चीत नेमके असेच जोड असतात. आधी कोरड्या ब्रशने वाळू झटकावी, मग गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवावे. जोराच्या धारेने वाळू बेअरिंगच्या आत ढकलली जाते. मोठी चाके काढून त्यांचे आस पुसावेत, सगळे कापडाने कोरडे करावे आणि सिलिकॉनचा पातळ फवारा मारावा. घट्ट ग्रीस लावू नये, कारण त्याला दुसऱ्या दिवशीची वाळू चिकटते.

शेवटी खुर्ची आडवी करून पुढचे छोटे चाक बोटाने फिरवावे आणि कान जवळ न्यावा. ते नीट असेल तर आवाज न करता बराच वेळ फिरत राहते. करकर ऐकू आली तर वाळू आत गेली आहे आणि बेअरिंग बदलावे लागेल. छोट्या चाकांत बहुधा 608 या क्रमांकाचे बेअरिंग असते, आतला व्यास 8 आणि बाहेरचा 22 मिलिमीटर. आपल्या खुर्चीचा क्रमांक घरीच तपासून चार बेअरिंग आणि लागणारे पाने पिशवीत ठेवावेत.